आरशामागचा हात

१

नाचाच्या शाळेतली सगळ्यात उंच मुलगी गिरकी घेता घेता थांबली आणि म्हणाली, "बाई, माझ्या खांद्यावर कुणाचा हात आहे?"

खांद्यावर कुणाचाच नव्हता. आरशात होता.

बाकीच्या मुली आधी खिदळल्या. मग आपापल्या समोर पाहून एकेक पाऊल मागं सरकल्या. भिंतीवरच्या एकेका उंच आरशात, साधारण खांद्याच्या उंचीवर, धुकट करडा हात उमटला होता. शाळेच्या बाईंनी फडक्यानं पुसला, ओल्या कागदानं पुसला, शेवटी नखानं खरवडला. हात जागचा हलेना. तो काचेवर नव्हताच मुळी, काचेच्या आत होता.

आरसे कारखान्यात परत आले. त्यांच्या मागोमाग शिंप्याच्या दुकानातला आला, मग हॉटेलच्या जिन्यावरचा. सगळे उंच, गेल्या काही महिन्यांत केलेले, आणि प्रत्येकात तोच हात.

कारखान्याचा मालक तरुण होता आणि राग कायम नाकावर. त्यानं सगळ्यांना परत आलेल्या आरशापुढं उभं केलं आणि एकेकाला त्या डागावर हात ठेवायला लावला. जो तो उजवा हात पुढं करी, आणि अंगठा भलत्याच बाजूला जाई. चांदीकाकांनी मात्र सवयीनं डावा हात ठेवला. तो तळव्याला तळवा, अंगठ्याला अंगठा असा बरोब्बर बसला. करंगळीच्या जागी डाग नव्हता, पण तेवढा पुसट झाला असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

कारखान्यात डावखुरा माणूस एकच होता. काचेला चांदीचा मुलामा देणारे हे काका. धाकट्या मालकाच्या जन्माआधीपासून ते हेच काम करत आले होते.

"काका, उद्या संध्याकाळी तुमचा शेवटचा दिवस," मालक म्हणाला.

काकांनी आपला डावा हात उलटासुलटा करून पाहिला. जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

मालकाची आत्या मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं तडक कारणबाईंना बोलावणं धाडलं.

२

कारणबाईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. कुठं धंदा बसला, कुठं गिऱ्हाईक फिरकेनासं झालं, की लोक त्यांना बोलावत. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, डोळे कायम अर्धे मिटलेले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, ही बाई आत्ता इथंच आडवी होणार. आणि तसं त्या होतही. मिळेल त्या खुर्चीत डुलकी काढायची, ही त्यांची कामाची रीतच होती.

"माझं काम सोपं असतं हो," त्या म्हणत. "का, एवढंच विचारायचं. पहिल्यांदा विचारलं की माणूस दुसऱ्याचं नाव सांगतो. पुन्हा विचारलं की यंत्राला नावं ठेवतो, मग नशिबाला. तरी विचारत राहिलं की गप्प होतो. तो गप्प झाला की आपण जवळ आलो, असं समजायचं."

सकाळी त्या कारखान्यात पोचल्या तेव्हा पुढच्या दालनात मांडलेल्या आरशांतून चारी बाजूंनी कारणबाईच त्यांच्या दिशेनं चालत आल्या. मालकानं पाण्याचा पेला पुढं केला. पेला धरताना त्याची करंगळी बाकीच्या बोटांपासून अलग, ताठ उभी होती.

"तुम्हाला उगाच त्रास झाला, बाई. कारण सापडलंय. काकांचं वय झालं, हात कुठं पडतोय याचं भान राहत नाही."

"सापडलं असेल तर उत्तमच. पण हे आत्ताच का व्हावं? वय तर गेल्या वर्षीही झालेलं होतं."

"म्हातारपण काय सांगून येतं?" तो म्हणाला आणि निघून गेला.

"असाच तुटक बोलतो," आत्या कुजबुजली. "दादा गेला तेव्हापासून. माझा थोरला भाऊ हो, ह्याचा बाप. त्यानंच हा कारखाना उभा केला. तो गेल्यापासून घरात दादाचं नाव काढायची सोय नाही. लगेच उठून जातो. डोळ्यांतून टिपूस नाही काढलं पोरानं."

"करंगळीला काय झालंय त्याच्या?"

"लहानपणी दारात सापडली होती. तेव्हापासून मागं कललेलीच, खाली वाकत नाही ती." आत्यानं पदर खोचला. "आणि मध्यंतरी तापानं फणफणला होता तो, तेव्हा हा सगळा डोलारा मी एकटीनं सांभाळला बरं का! नाटकगृहाच्या रंगपटाचे एवढे उंच आरसे त्याच आठवड्यात झाले, एक म्हणून परत आला नाही. पण कौतुक कोण करतंय?"

"मी करते की," कारणबाई म्हणाल्या, आणि त्यांचे अर्धे मिटलेले डोळे क्षणभर पुरते उघडले.

३

चांदीची खोली थंडगार होती. टेबलावर काच आडवी होती आणि काका तिच्यावर पातेल्यातून पाण्यासारखं काहीतरी ओतत होते. बघता बघता काच काळवंडली, तपकिरी झाली आणि मग तळातून चमक वर येऊ लागली, झोपेतून कुणी डोळे उघडावेत तशी. कारणबाई विचारायचं विसरून बघतच राहिल्या.

"माझा हात बसला हे खरं आहे, बाई," काका आपणहून म्हणाले. "मग मीच असणार. मला आठवत नाही, पण म्हातारपणी हात काय करतो ते डोक्याला थोडंच कळतं?"

"तुम्ही काच धरता कशी?"

"कडेनं. चांदीला हात लावला तर थोरल्या मालकांनी हात तोडला असता माझा." ते हसले, मग खाली बघत राहिले. "खरं सांगू? मला हल्ली माझाच भरवसा वाटत नाही. उंच आरसा गाडीवर उभा करून मी पलीकडं ढकलत नेतो. काच माझ्याकडं, चांदी पलीकडं. दारापाशी पोचलो की मला थोरल्यांचा आवाज येतो. हळूच बोलतात. ते जाऊन वर्ष होत आलं, आणि मला आवाज येतो. कुणाला सांगू नका, वेड्यात काढतील."

"तेव्हा समोर काय दिसतं?"

"समोर आरसा. त्यात एक म्हातारा माझ्याकडंच गाडी ढकलत येत असतो. दुसरं काय दिसणार?"

दारापलीकडं रंगाची खोली होती. चांदीच्या पाठीवर रंगाचा थर देणारी बाई, जिला सगळे रंगवाली म्हणत, तिनं कारणबाईंना पाहताच हातमोजे घातलेले दोन्ही हात वर केले.

"मी नाही! माझ्याकडं आरसा येतो तो उघड्या चांदीचा. मी त्याच्यावर फुंकरसुद्धा घालत नाही. चाकं वाजली की दाराकडं पाठ करून रंग घोटायला बसते, आरसा जागी उभा राहिला की मगच वळते. घामाचा हात लागला तर त्या दिवशी काहीच कळत नाही. वरून रंग चढतो, आरसा झकास दिसतो. आत मात्र तो घाम चांदी खात बसतो. हात वर येईपर्यंत आरसा कुणाच्या तरी घरी पोचलेला असतो."

"रंगाची खोली इथंच होती आधीपासून?"

"छे! आधी मी पलीकडंच, काकांच्या शेजारी रंगवायची. रंग वाळला की आरसा या दारातून इकडं यायचा. इथं तेव्हा बांधाबांध चालायची. उन्हाळ्यात मालकांनी बांधाबांध पुढं नेली आणि मला इथं आणून बसवलं."

"का?"

"म्हणे उजेड चांगला आहे." रंगवालीनं एकुलत्या एका खिडकीकडं हात केला. खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारची भिंत होती. "बघा, केवढा लख्ख उजेड! डोळे फुटायची वेळ आलीय माझी."

दाराशेजारी फरशीवर चार पायांच्या खुणा होत्या, घासून गुळगुळीत झालेल्या.

"इथं काय असायचं?"

"थोरल्यांचं स्टूल. आता माळ्यावर आहे."

"का?"

रंगवालीनं ब्रश डब्यात बुडवला आणि उगाचच ढवळत बसली. ती गप्प झाली होती.

४

दुपारी कारणबाई पुढच्या दालनात एका वेताच्या खुर्चीत बसल्या आणि आपल्या रिवाजाप्रमाणे पेंगू लागल्या. आरशांत आरसे होते, त्यांत आणखी आरसे, आणि प्रत्येकात एक ठेंगणी बाई मान टाकून बसलेली. ऊन सरकलं तशी ती सगळी दालनं एका मागोमाग एक उजळत गेली. आत कुठं तरी, फार खोल, एक दार उघडलं. दारातून कुणी आलं नाही, नुसता हात आला, आणि तो काचेच्या पलीकडून हलकेच टेकला. त्याही आपला हात उचलून त्याच्यावर ठेवायला गेल्या, तर हातातलं घड्याळ भलत्याच मनगटावर होतं.

त्या दचकून जाग्या झाल्या. समोरच्या आरशातली बाईही दचकली. यांचं घड्याळ डाव्या हातात, तिचं उजव्या.

"अगं बाई!" कारणबाई स्वतःलाच म्हणाल्या. "आपण सगळे पुढून बघतोय!"

त्या तरातरा उठल्या. साध्या काचेचा एक तुकडा मिळवला, त्यावर तोंडानं वाफ सोडली आणि आत्याला म्हणाल्या, "इथं उजवा हात टेका. आता इकडं या, माझ्या बाजूनं बघा. कुठला हात दिसतो?"

आत्यानं काचेला वळसा घातला. काचेवर जो ठसा होता, त्यावर तिनं या बाजूनं उजवा हात धरून पाहिला. बसेना. डावा धरला, तो चपखल बसला.

"अय्या! हा डावा कधी झाला?"

"मागून ठेवलेला उजवा हात पुढून बघणाऱ्याला डावा वाटतो. डाग तर चांदीवर पडलाय, आणि चांदी असते मागच्या बाजूला. तुमचे काका डावखुरे, म्हणून ते सुटले!"

आत्याचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला. "म्हणजे बाई, आता बाकीचे सगळेच अडकले की."

५

बाकीच्यांत उरला होता आरसे घरोघर पोचवणारा. उंचीमुळं त्याला सगळे लांबू म्हणत. खांद्याच्या उंचीवरचा डाग त्याला सहज जमला असता. तो गाडीत आरसे चढवताना पेंढा नीट खोचत होता.

"त्या आतल्या दाराकडं मी जातोच कधी?" तो म्हणाला. "मालक आजारी होते तेव्हा तेवढा आठवडा काकांची गाडी मी दारातून ओढून घेतली. लाकडी दांड्याला धरून. आरशाला नाही."

"मग एरवी?"

लांबूनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून चाकांचा खडखडाट आला. उंच आरसा निघाला होता.

कारणबाई त्या वयातही पळाल्या. रंगाच्या खोलीत रंगवाली दाराकडं पाठ करून रंग घोटत होती. डब्यांच्या फळ्यांमागं त्या जेमतेम दडल्या तोच दार उघडलं.

पलीकडून गाडी आली. काका आरशाआड होते, दिसत होते ते त्यांचे फक्त पाय. अलीकडं, दार उघडणारा माणूस उभा होता. त्याचं लक्ष कुठंच नव्हतं. नजर फरशीवरच्या त्या चार खुणांवर होती. डाव्या हातानं त्यानं दांडा धरून गाडी उंबऱ्यावरून ओढली, आणि उजवा हात आपणहून वर उचलला गेला, उघड्या चांदीवर टेकला. झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा, तितका हलका. त्याचे ओठ हलले.

मग हात खाली आला आणि तो माणूस निघून गेला. आपण काय केलं हे त्याच्या गावीही नव्हतं.

कारणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता हे सांगायचं कसं, याचा त्यांना पहिल्यांदाच प्रश्न पडला.

६

संध्याकाळी काकांनी अंगावरचा कामाचा सदरा उतरवून घडी घातली होती. पुढच्या दालनात सगळे जमले. नाचाच्या शाळेतला एक डागी आरसा गाडीवर उभा होता.

"काका निर्दोष आहेत," कारणबाई म्हणाल्या आणि काचेच्या तुकड्यावर वाफ सोडून सगळ्यांना तो खेळ करून दाखवला. मालकाच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"मग कोण?"

"सांगते. डाग फक्त उंच आरशांवर आहेत. लहान आरसे माणूस काखेत घेऊन जातो. उंच आरशाला गाडी लागते, आणि दार उघडून ती ओढून घेणारा दुसरा माणूस लागतो. तो चांदीच्या बाजूला असतो. ढकलणाऱ्याला तो दिसत नाही, कारण ढकलणाऱ्याला आरशात आपलंच तोंड दिसतं. एका आठवड्यात उंच आरसे झाले, पण डाग एकावरही नाही. त्या आठवड्यात दार लांबूनं उघडलं होतं. एरवी उघडणारा तापानं अंथरुणात होता."

आत्यानं तोंडाला पदर लावला.

"काय बोलताय तुम्ही?" मालक उसळला. "मी? माझ्याच मालाची मी माती करीन? चांदीला हात लावायचा नसतो हे मला चालता येत नव्हतं तेव्हापासून ठाऊक आहे!"

"लावा बरं इथं. उजवा."

त्यानं रागानंच वाफेवर हात दाबला. कारणबाईंनी काच उलटी करून डागाशेजारी धरली. तळवा, अंगठा, तीन बोटं. करंगळीच्या जागी दोन्हीकडं काही नव्हतं. मागं कललेली ती करंगळी काचेला टेकतच नव्हती.

मालक बघत राहिला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "मला आठवत नाही. शपथेवर सांगतो, मला आठवत नाही."

"ठाऊक आहे. मी पाहिलं तेव्हा तुम्ही मनानं तिथं नव्हताच. पण हात ठेवणं हे काही मूळ कारण नव्हे. तुम्ही दारात उभे राहताय ते थोरले गेल्यापासून, आणि डाग आहेत उन्हाळ्यानंतरच्या आरशांवर. का? आधी त्या दारातून आरसा यायचा तो रंगून, वाळून. त्यावर हात ठेवला काय, न ठेवला काय. मग रंगाची खोली दाराअलीकडं आली. दार तेच राहिलं, हात तोच राहिला, आरसा मात्र उघडा येऊ लागला. आता एकच सांगा. खोली का बदललीत?"

"उजेडासाठी."

"खिडकीसमोर भिंत आहे. का बदललीत?"

तो गप्प झाला.

"बांधाबांधीच्या खोलीत माझं टेबल होतं," तो शेवटी म्हणाला. "मान वर केली की ते स्टूल दिसायचं. दिवसभर. रिकामं. मला वाटलं, ती खोलीच मोडून टाकली की संपेल."

"दादा तिथंच बसायचा," आत्या रडत रडत म्हणाली. "निघालेल्या प्रत्येक आरशाच्या पाठीवर हात ठेवायचा आणि ह्यालाही ठेवायला लावायचा. एवढासा होता तेव्हा उचलून धरायचा ह्याला."

"'जा बाळा, हसरी तोंडं बघ,'" चांदीकाका हळूच म्हणाले. "असं म्हणायचे थोरले. दारापाशी मला तेच ऐकू येतं रोज." ते बोलता बोलता थांबले आणि त्यांनी मालकाकडं पाहिलं. "म्हणजे... तो आवाज तुमचा होता होय! आणि मी समजत होतो, मला वेड लागलं."

मालक त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. "काका, मी तुम्हाला घालवून देत होतो."

"देत होता खरं," काका म्हणाले. "फार लागलं मला. पण माझंही चुकलंच म्हणा. तुम्हाला बरं वाटणार नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी थोरल्यांचं नावच टाकलं. एकानं जरी विषय काढला असता, तरी हे इतकं आत मुरलं नसतं."

त्यांनी घडी घातलेला सदरा उलगडला आणि पुन्हा अंगात चढवला. रंगवालीनं डोळे पुसले आणि उद्याच आपले डबे जुन्या खोलीत हलवणार म्हणून जाहीर केलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. लांबू न सांगता शिडी घेऊन माळ्याकडं गेला. स्टूल खाली आलं ते धुळीनं माखलेलं. आत्यानं ते आपल्या पदरानं पुसलं आणि विचारलं, "ठेवू कुठं?"

"बाहेरच्या फाटकापाशी," मालक म्हणाला. "जिथून आरसे घरोघर जातात तिथं. रंगून, वाळून झाल्यावर." मग जरा थांबून म्हणाला, "मी बसेन तिथं."

जाण्याआधी त्यानं गाडीवरचा तो डागी आरसा सरळ केला. चांदी खरवडून काच पुन्हा वापरायची, असं सकाळी ठरलं होतं. तो आरशासमोर आला आणि थबकला. आरशातल्या तरुण माणसाच्या खांद्यावर मागून कुणीतरी हात ठेवला होता. रुंद तळवा, लांब बोटं.

"अगदी दादाचा हात आहे रे तुझा," आत्या म्हणाली. "माझ्या कधी लक्षात नाही आलं."

त्यानं आपला हात उचलून खांद्यावर नेला, तो हात जिथं होता तिथं. आणि वर्षभर जे डोळ्यांत आलं नव्हतं, ते एकदम आलं. तरणाताठा माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला.

कारणबाईंनी या वेळी काही विचारलं नाही. चांदीकाकांनी सगळ्यांना खुणेनं बाहेर काढलं, स्वतः आत थांबले आणि दार हलकेच ओढून घेतलं.